हुदैबियाची फतह : हमिय्यत आणि सकीना



जुम्याची नमाज झाल्यावर मशिदीच्या पायरीवर जे तरुण थांबतात, ते गेली काही वर्षे एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारीत आहेत : सहन करण्याला काही मर्यादा आहे की नाही? कुणाच्या मोबाईलवर मारहाणीची एखादी चित्रफीत आलेली असते. कुणाचे भाड्याच्या घराचे ठरलेले बोलणे नाव सांगताच मोडलेले असते. कुणी मशिदीसमोरून गेलेल्या मिरवणुकीतील घोषणा जशाच्या तशा ऐकवतो आणि ऐकवताना त्याचा आवाज कापतो. हा राग लटका नाही आणि त्याला ‘सब्र करा’ हे दोन शब्द पुरतही नाहीत. ज्याच्या छातीत आग पेटली आहे, त्याला सब्र म्हणजे खाली मान घालून घरी जाणे, असेच वाटते. कुरआनला अभिप्रेत असलेला सब्र याहून फार निराळा आहे. तो कसा निराळा आहे हे व्याख्येने समजत नाही, प्रसंगाने समजते. म्हणून आपण या लेखात एकाच प्रसंगाचा अभ्यास करू या. तो प्रसंग म्हणजे ६ हिजरीच्या जिल्काद महिन्यात, म्हणजे इ.स. ६२८ मध्ये, मक्केच्या वेशीवर झालेला हुदैबियाचा तह.

तत्पूर्वी एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. ‘जिहाद’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत ज्या अर्थाने छापला जातो, तो अर्थ वाचून आपली मुलेही तोच खरा मानू लागली आहेत. अरबी भाषेत ‘जहद’ म्हणजे सर्व शक्ती पणाला लावून झटणे. सूरह फुरकान मक्केत अवतरली. त्या काळी मुस्लिमांना स्वतःच्या बचावासाठीही हात उगारण्याची अनुमती नव्हती. तरीही तिच्या ५२ व्या आयतीत प्रेषित मुहम्मद (स.) यांना कुरआनच्या साहाय्याने विरोधकांशी मोठा जिहाद करण्याचा आदेश आहे. हाती शस्त्र नसतानाच्या त्या झटण्यालाच अल्लाहने ‘कबीर’ म्हटले आहे. तिर्मिजीच्या संग्रहात हजरत फजाला बिन उबैद (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा की, जो स्वतःच्या नफ्सशी झटतो तो मुजाहिद होय. (लहान जिहादकडून मोठ्या जिहादकडे परतल्याची जी रिवायत मिंबरावरून नेहमी ऐकवली जाते, ती हदीसच्या जाणकारांनी दुर्बल ठरवली आहे. सबळ पुरावा हाताशी असताना दुर्बलाचा आधार कशाला घ्यावा?) सशस्त्र युद्धाचे नियमही शरीअतमध्ये आहेत, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु तो निर्णय सत्तेच्या जबाबदारीचा आहे. गल्लीच्या तोंडाशी जमलेल्या घोळक्याचा तो अधिकार नव्हे, आणि याबाबत आपल्या फुकहांनी कोणतीही पळवाट ठेवलेली नाही.

आता हुदैबियाकडे वळू.

प्रेषित (स.) यांनी स्वप्नात पाहिले की आपण सोबत्यांसह मस्जिदे हराममध्ये निर्भयपणे प्रवेश करीत आहोत. प्रेषितांचे स्वप्न म्हणजे सत्यवार्ता. मदीनेत आनंदाची लाट पसरली. मुहाजिरांना मक्का सोडून सहा वर्षे होत आली होती. तेथे त्यांची घरे होती, आईबापांच्या कबरी होत्या, बळकावलेल्या मिळकती होत्या, आणि या सर्वांहून मोठे म्हणजे ज्याच्याकडे तोंड करून ते रोज पाच वेळा उभे राहत तो काबा होता. सुमारे १४०० सहाबा निघाले. जुल्हुलैफा येथे एहराम बांधला. कुर्बानीचे ७० उंट, त्यांच्या गळ्यात खूण म्हणून माळा. तलवारी होत्या, पण वाटसरूच्या तलवारी जशा म्यानात असतात तशा. मक्केवर चालून जाणारा लष्करी तांडा कुर्बानीची जनावरे सोबत घेऊन निघत नाही, हे कुरैशांनाही कळत होते. तरीही त्यांनी वाट अडवली. खालिद बिन वलीद, जे अद्याप मुस्लिम झाले नव्हते, घोडदळ घेऊन पुढे आले.

प्रेषित (स.) यांनी काय केले? वाट बदलली. सरळ रस्ता सोडून खडकाळ, अवघड रस्त्याने काफिला नेला. हुदैबियाला पोहोचताच त्यांची कस्वा नावाची सांडणी खाली बसली. लोक म्हणाले, ती हट्टाला पेटली. प्रेषितांनी सांगितले की तिचा तसा स्वभाव नाही, ज्याने हत्तीला रोखले होते त्यानेच हिलाही रोखले आहे. आणि त्याच जागी त्यांनी अल्लाहची शपथ घेऊन म्हटले की अल्लाहने पवित्र ठरवलेल्या गोष्टींचा मान ज्यात राखला जाईल, असा कोणताही प्रस्ताव कुरैशांनी मांडला तर मी तो मान्य करीन. लक्षात घ्या, वाटाघाटी सुरू होण्याआधीच हे ठरले होते. पुढच्या सर्व घडामोडी या एका वाक्याच्या प्रकाशात वाचल्या पाहिजेत.

हे ठिकाण मक्केपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, जेद्दाच्या जुन्या रस्त्यावर आहे. आज त्याला शुमैसी म्हणतात. आपल्याकडील हाजी उमऱ्याचा एहराम बांधण्यासाठी कधी कधी तेथे जातात. एवढ्या जवळ येऊन परतणे म्हणजे काय, याची कल्पना त्यांना चांगली करता येईल.

विरोधी गोटातील माणसे

येथून पुढे जे घडले त्यात एक बाजू अशी आहे, जी आपल्या प्रवचनांत घाईघाईने उरकली जाते. ती बाजू आजच्या काळात मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

कुरैशांकडून एकामागून एक माणसे बोलणी करण्यासाठी आली. पहिला आला तो खुजाआ टोळीचा बुदैल बिन वरका. तो त्या वेळी मुस्लिम नव्हता. परंतु बुखारीच्या रिवायतीत खुजाआ टोळीचे वर्णन प्रेषितांचे विश्वासू हितचिंतक असे आले आहे. वाटेतील गुप्त बातम्या, कुरैशांची तयारी, ही सारी माहिती अशा माणसांकडून मिळत होती. नंतर अहाबीश टोळ्यांचा सरदार हुलैस आला. त्याला दुरून पाहताच प्रेषित (स.) यांनी सांगितले की, हा कुर्बानीच्या जनावरांचा आदर करणाऱ्या लोकांपैकी आहे, जनावरे त्याच्या समोर आणा. माळा घातलेले उंट खोऱ्यातून येताना पाहून हुलैस पुढे न येताच माघारी फिरला. त्याने कुरैशांना खडसावले की, अल्लाहच्या घराच्या दर्शनाला आलेल्यांना अडवण्यासाठी आम्ही तुमच्याशी मैत्री केलेली नाही. कुरैशांनी त्याला रानवट अरब म्हणून हिणवले, पण त्यांच्या गोटात फट पडायची ती पडलीच.

एक मूर्तिपूजक सरदार मुस्लिमांसाठी आपल्याच मित्रांशी भांडला, आणि तेही कोणत्याही भाषणाशिवाय! त्याच्या मनात जो चांगुलपणा होता, तो प्रेषितांनी ओळखला आणि त्यालाच साद घातली. समोरच्या तंबूत सगळे सारखे नसतात, हे कळण्यासाठी प्रथम त्या तंबूतील माणसांची ओळख असावी लागते. आपल्या शेजारी कोण राहतो, त्याच्या घरात कोणत्या दिवशी उपवास असतो, त्याला कशाचे पावित्र्य वाटते, हे आपल्या किती जणांना ठाऊक आहे? आणि येथे एक सावधगिरीची सूचना. हा प्रसंग वाचून कोणी शेजाऱ्यांना कुरैश समजू नये. आपल्या गावातील बहुसंख्य लोक ना आपली वाट अडवायला आलेले आहेत, ना तह करायला. त्यांत बुदैल आहेत, हुलैस आहेत. संकटाच्या रात्री ज्यांनी मुस्लिम कुटुंबांना आपल्या माजघरात लपवले, अशी माणसे महाराष्ट्राने वेळोवेळी पाहिली आहेत.

याच दिवसांत ८० हत्यारबंद मक्कावासी तनईमच्या बाजूने उतरून आले. बेसावध मुस्लिमांवर छापा घालण्याचा त्यांचा बेत होता. ते सगळे पकडले गेले. प्रेषित (स.) यांनी त्यांना सोडून दिले. मुस्लिमच्या रिवायतीनुसार सूरह फतहची २४ वी आयत याच घटनेविषयी अवतरली. त्या आयतीचा आशय असा की, अल्लाहनेच त्यांचे हात तुमच्यापासून आणि तुमचे हात त्यांच्यापासून रोखले. रोखणारा दुर्बल नव्हता, हे ध्यानात घ्या. पकडलेले ८० जण हाती होते, सूड घेण्याची संधी होती आणि निमित्तही होते.

नंतर हजरत उस्मान (रजि.) यांना दूत म्हणून मक्केत पाठवले. कुरैशांनी त्यांना तवाफ करण्याची मुभा दिली. प्रेषितांनी तवाफ केल्याखेरीज मी करणार नाही, असे त्यांनी उत्तर दिले. त्यांना परतायला उशीर झाला आणि छावणीत बातमी आली की उस्मान मारले गेले. तेव्हा बाभळीसारख्या एका झाडाखाली पाय मागे न घेण्याची ती प्रसिद्ध बैअत झाली, जिला बैअते रिजवान म्हणतात. प्रेषितांनी आपलाच एक हात दुसऱ्या हातावर ठेवून तो उस्मानचा हात असल्याचे सांगितले. सूरह फतहच्या १८ व्या आयतीत अल्लाहने या लोकांवर प्रसन्न झाल्याची ग्वाही दिली आहे. पण प्रतिज्ञा घेतली म्हणून कोणी मक्केकडे धावत सुटला नाही. थोड्याच अवधीत कळले की बातमी खोटी आहे. उस्मान (रजि.) सुखरूप होते.

विचार करा, ती बातमी खरी मानून एका उतावळ्या गटाने रातोरात वार केला असता, तर? आज अशी बातमी एका बोटाच्या स्पर्शाने पाचशे जणांपर्यंत जाते. सूरह फतह संपली की कुरआनात लगेच सूरह हुजुरात सुरू होते आणि तिची ६ वी आयत, आलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा हुकूम देते. हा क्रम माझ्या मनाला नेहमी थांबवतो. सहा महिन्यांपूर्वीची किंवा दुसऱ्याच देशातील चित्रफीत ‘आजची’ म्हणून पुढे पाठवणारा भाऊ कौमची सेवा करीत नसतो. तो आपल्याच वस्तीत काडी टाकत असतो.

पुसलेला शब्द

अखेर सुहैल बिन अम्र तह करण्यासाठी आला. लेखक होते हजरत अली (रजि.). प्रेषितांनी बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम लिहिण्यास सांगितले. सुहैलने हरकत घेतली, रहमान आम्ही जाणत नाही, आमच्या जुन्या रिवाजाप्रमाणे ‘बिस्मिक अल्लाहुम्म’ लिहा. प्रेषितांनी मान्य केले. पुढे ‘मुहम्मद रसूलुल्लाह’ हे शब्द आले. सुहैल म्हणाला, तुम्हाला रसूल मानले असते तर अडवले कशाला असते? वडिलांचे नाव लिहा. हजरत अलींना ते शब्द पुसण्यास सांगितले गेले, पण त्यांचा हात चालेना. ज्या शब्दासाठी बिलाल (रजि.) तापल्या वाळूत पडले, सुमैय्या (रजि.) यांनी प्राण दिले, तो शब्द आपल्या हाताने पुसायचा? तेव्हा प्रेषित (स.) यांनी जागा दाखवण्यास सांगितले आणि स्वतः ते शब्द पुसले.

कागदावरचा शब्द पुसल्याने रिसालत पुसली जात नाही, हे ज्याचे त्यालाच सर्वांत अधिक ठाऊक होते. मानापमानाच्या खुणा आणि धर्माचे मूळ तत्त्व यांत फरक करता येणे, ही ईमानची प्रगल्भता आहे. तत्त्वावर प्रेषितांनी कधी तडजोड केली नाही. सूरह काफिरून त्याची साक्षीदार आहे. परंतु शीर्षकावर, मसुद्याच्या भाषेवर, पहिल्यांदा कोणी वाकायचे यावर त्यांनी रक्त सांडू दिले नाही.

अटीही एकतर्फी दिसत होत्या. दहा वर्षे युद्ध नाही. यंदा उमरा न करताच परत जायचे, पुढच्या वर्षी तीन दिवसांसाठी यायचे. मक्केहून कोणी मुस्लिम होऊन मदीनेला आला तर त्याला परत करायचे, मदीनेहून कोणी मक्केला गेला तर तो परत मिळणार नाही. आणि शाई वाळण्यापूर्वीच, बेड्या ओढीत, कैदेतून निसटलेला एक तरुण छावणीत येऊन पडला. तो सुहैलचाच मुलगा अबू जंदल (रजि.). बापाने म्हटले, तहाचा पहिला मान हाच. प्रेषितांनी सुहैलला विनंती केली, पुन्हा केली. तो बधला नाही. अबू जंदल ओरडून विचारत होते की मला पुन्हा त्यांच्याच हवाली करणार काय. त्यांना धीर धरण्यास सांगण्यात आले, अल्लाह तुझ्यासाठी आणि तुझ्यासारख्या दुर्बलांसाठी मार्ग काढील, आम्ही शब्द दिला आहे आणि तो मोडणार नाही, असे समजावण्यात आले.

या जागी वाचताना कोणाही संवेदनशील माणसाचे मन कळवळते. हजरत उमर (रजि.) यांचेही कळवळले. आपण सत्यावर नाही काय, मग दीनच्या बाबतीत हा कमीपणा का पत्करायचा, हा प्रश्न त्यांनी आधी प्रेषितांना आणि मग हजरत अबू बक्र (रजि.) यांना विचारला. दोघांचे उत्तर जवळजवळ एकच होते : हे अल्लाहचे प्रेषित आहेत, अल्लाह त्यांना वाऱ्यावर सोडणार नाही. उमर (रजि.) पुढे सांगत की, त्या दिवसाच्या बोलण्याची भरपाई म्हणून मी कितीतरी सत्कर्मे केली. आज मशिदीच्या पायरीवर प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला मी कधी रागावत नाही, त्याचे कारण हेच. प्रश्न उमर (रजि.) यांनीही विचारला होता. परंतु प्रश्न विचारूनही त्यांनी रांग मोडली नाही, तलवार उपसली नाही, चार जण गोळा करून वेगळा मार्ग धरला नाही.

अबू जंदल यांच्या प्रसंगाचा दुरुपयोगही होतो, तोही सांगितला पाहिजे. तुरुंगात नाहक अडकलेला कोणी असेल तर ‘सब्र करा’ म्हणून आपण त्याच्या घरावरून पुढे निघून जातो. प्रेषितांनी तसे केले नाही. मक्केत अडकलेल्या दुर्बल मुस्लिमांसाठी ते नमाजमध्ये नाव घेऊन दुआ करीत. अय्याश बिन अबी रबीआ, सलमा बिन हिशाम, वलीद बिन वलीद ही नावे बुखारीत नोंदलेली आहेत. तहाच्या चौकटीत जे करता येईल ते सर्व करायचे, हा त्यांचा मार्ग होता. मोहल्ल्यातील एखादे घर कोर्टाच्या तारखांनी मोडकळीला आले असेल, तर वकिलाची फी, मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईचे औषध हा आपला विषय आहे. जकातीच्या पैशाचे वाटप करताना अशा घरांकडे स्थानिक उलमांना विचारून लक्ष द्यावे.

उम्मे सलमा (रजि.) यांचा सल्ला

तह पूर्ण झाला. प्रेषितांनी सोबत्यांना कुर्बानी करून मुंडण करण्यास सांगितले. कोणी उठले नाही. तीनदा सांगितले, तरीही नाही. हे बंड नव्हते. दुःखाने माणसाचे हातपाय गळून जातात तसे झाले होते. प्रेषित (स.) तंबूत आले आणि पत्नी हजरत उम्मे सलमा (रजि.) यांना घडलेले सांगितले. त्या बाईंनी जो सल्ला दिला तो राजकारणात मुरलेल्या एखाद्या मुत्सद्द्यालाही सुचला नसता. त्यांनी सुचवले की, बाहेर जा, कोणाशी एक शब्दही बोलू नका, आपला उंट कुर्बान करा आणि न्हाव्याला बोलावून मुंडण करवून घ्या. प्रेषितांनी तसेच केले. ते पाहताच लोक उठले. एकमेकांचे मुंडण करू लागले आणि दुःखाच्या भरात असे करू लागले की जणू एकमेकांचा जीव घेतील.

या मासिकाच्या वाचक भगिनींनी हा प्रसंग आपल्या घरात वारंवार सांगावा. १४०० पुरुषांची कोंडी एका स्त्रीच्या समजूतदारपणाने फुटली. तिने उपदेश केला नाही, दोष दिला नाही, पुढचे एक पाऊल सुचवले. रात्री दहा वाजता तापलेल्या डोक्याने बाहेर निघालेल्या मुलाला थांबवणारी आई, मोबाईल बाजूला ठेवून त्याला आधी जेवायला वाढणारी बहीण, ‘उद्या सकाळी वकीलसाहेबांकडे आपण दोघे जाऊ’ असे म्हणणारी पत्नी, या साऱ्या उम्मे सलमांच्या वाटेने चालत आहेत. आणि पुरुषांनी हेही पाहावे की प्रेषितांनी तो सल्ला ऐकला. ऐकण्यासाठी आधी घरात येऊन मन मोकळे करावे लागते.

फत्ते आणि फतह

परतीच्या वाटेवर सूरह फतह अवतरली. तिच्या पहिल्याच आयतीत अल्लाहने या घटनेला उघड फतह म्हटले. हजरत उमर (रजि.) यांनी आश्चर्याने विचारले, ही फतह आहे? प्रेषितांनी होय म्हटले.

मराठीतील ‘फत्ते’ हा शब्द याच अरबी शब्दापासून आला आहे. पण आपल्याकडे येताना तो अर्ध्या अर्थानिशी आला. मराठीत फत्ते रणांगणावरच होते. अरबीत ‘फतह’चा मूळ अर्थ आहे उघडणे. कुरआनचा आरंभ करणारी म्हणून ‘फातिहा’, उघडणारी म्हणून किल्ली ‘मिफ्ताह’. हुदैबियात कोणाचा किल्ला पडला नाही, पण दारे उघडली. तोवर मक्का आणि मदीना यांच्यामध्ये तलवार होती, आता रस्ता झाला. लोक एकमेकांकडे येऊ-जाऊ लागले, व्यापार करू लागले, बोलू लागले. थोर ताबिई इमाम जुहरी यांचे निरीक्षण असे की, त्या दोन वर्षांत इस्लाम स्वीकारणाऱ्यांची संख्या त्यापूर्वीच्या सर्वांइतकी किंवा त्याहूनही अधिक होती. इब्ने हिशाम त्याला पुरावा जोडतात : हुदैबियाला १४०० जण होते, दोन वर्षांनी मक्का जिंकताना १०,०००. वाट अडवायला आलेले खालिद (रजि.) त्या आधीच मदीनेला येऊन मुस्लिम झाले होते. अबू जंदल (रजि.) यांनाही कैदेतून निसटण्याचा मार्ग मिळाला. ते समुद्रकिनाऱ्यावरील निर्वासितांत सामील झाले आणि शेवटी कुरैशांनीच, या लोकांना मदीनेत बोलावून घ्या, अशी विनवणी केली. परत करण्याची ती अट ज्यांनी हट्टाने घातली, त्यांनीच ती गुंडाळली.

पण ही झाली बाहेरची फतह. आतली फतह २६ व्या आयतीत आहे आणि माझ्या मते सूरहचा गाभा तोच. तेथे दोन शब्द समोरासमोर ठेवले आहेत. इन्कार करणाऱ्यांच्या मनात ‘हमिय्यत’ होती, अज्ञानकाळाची हमिय्यत, तर अल्लाहने आपल्या प्रेषितावर आणि श्रद्धावानांवर ‘सकीना’ उतरवली आणि त्यांना तक्वाच्या वचनावर दृढ केले. हमिय्यत म्हणजे तापून उठणारा अभिमान, त्याच्या धातूतच तापण्याचा अर्थ आहे. उर्दू भाषणांत ‘गैरत-ओ-हमियत’ ही जोडी आपण कौतुकाने ऐकतो, आणि सत्यासाठी असेल तर ती चांगलीही. कुरआनने निंदा केली ती जाहिलियतच्या हमिय्यतची, जिला सत्य-असत्याशी कर्तव्य नसते, फक्त आपले नाक वर राहिले पाहिजे असते. ‘रहमान’ हा शब्द कागदावर नको, हे नाव नको, यंदा यांना आत सोडले तर अरब काय म्हणतील, ही ती हमिय्यत. नीट पाहिले तर सुहैलकडे याखेरीज दुसरा मुद्दाच नव्हता.

सकीना म्हणजे स्थिरता. आपल्या घराघरांत या नावाच्या मुली आहेत, पण अर्थ कोणी सांगत नाही. या एका सूरहमध्ये ती तीनदा उतरते : आयत ४, आयत १८ आणि आयत २६. राग नाहीसा होणे म्हणजे सकीना नव्हे. मुंडण करताना त्या लोकांचे हात रागाने थरथरतच होते. राग असूनही तो आपला मालक न होणे म्हणजे सकीना. बलवान तो नव्हे जो कुस्तीत दुसऱ्याला लोळवतो, बलवान तो जो रागाच्या क्षणी स्वतःला ताब्यात ठेवतो, अशा आशयाची बुखारी व मुस्लिममधील हदीस येथे चपखल बसते. आणि चिथावणी देणाऱ्याला काय हवे असते? त्याला आपला युक्तिवाद नको असतो, आपली हमिय्यत हवी असते. तिचा एक दगड त्याला पुरतो. नंतरची आग, नंतरचे गुन्हे, नंतरच्या अटका आणि बंद पडलेली दुकाने यांचा हिशेब वस्तीतल्या गरिबाच्या माथी येतो.

२५ वी आयत याविषयी जे सांगते ते वाचून मी दर वेळी गंभीर होतो. युद्ध का होऊ दिले नाही याचे कारण तेथे दिले आहे : मक्केत असे श्रद्धावान पुरुष आणि श्रद्धावान स्त्रिया होत्या ज्यांना तुम्ही ओळखत नव्हता आणि जे नकळत तुमच्या पायांखाली तुडवले गेले असते. त्यांच्यासाठी १४०० जणांचा उमरा राहिला. न ओळखलेल्या, न दिसणाऱ्या दुर्बलांची अल्लाहला एवढी काळजी! चौकात धावत जाण्यापूर्वी मागच्या गल्लीत कोण राहते, याचा विचार करणे हा या आयतीचा हक्क आहे. तेथे हातगाडीवाला आहे, बाळंतीण आहे, दहावीची परीक्षा देणारी मुलगी आहे.

आता कोणी म्हणेल, म्हणजे निमूट बसायचे? हुदैबियात निमूट कोण बसले होते? दूत पाठवले गेले, मित्र जोडले गेले, प्रतिज्ञा घेतली गेली, एकेका कलमावर बोलणी झाली. मक्केहून आलेल्या स्त्रियांचा प्रश्न निघाला तेव्हा सूरह मुम्तहिनाच्या १० व्या आयतीने त्यांना परत पाठवण्यास मनाई केली आणि त्या परत दिल्या गेल्या नाहीत. अन्यायाला अन्याय म्हणणे, त्याची लेखी तक्रार करणे, तिची पोच घेणे, कागदपत्रे नीट ठेवणे, न्यायालयात जाणे, मत देणे, न्यायी वृत्तीच्या बिगरमुस्लिम बांधवांना बरोबर घेणे, हे सारे झटणेच आहे. ते कंटाळवाणे आहे, त्यात घोषणा नाहीत, त्याची चित्रफीत निघत नाही. म्हणूनच ते नफ्सला जड जाते. आपण या देशात संविधानाच्या बंधनाने आणि संरक्षणाने राहतो. दिलेला शब्द पाळण्याचा हुकूम सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे आणि तो समोरचा कसा वागतो यावर सोडलेला नाही. पुढे तह मोडला तो कुरैशांनी आणि त्यांच्या मित्रांनी, खुजाआवर हल्ला करून. मुस्लिमांकडून नाही.

हजरत सहल बिन हुनैफ (रजि.) हुदैबियाला हजर होते. तीस वर्षांनी सिफ्फीनच्या वेळी मुस्लिमच मुस्लिमांसमोर उभे ठाकले आणि लोक उतावीळ झाले, तेव्हा त्यांनी लोकांना समजावले की, आपल्या मतावर फार विसंबू नका. अबू जंदलच्या त्या दिवशी माझ्या हाती असते तर मी प्रेषितांचा निर्णयही फिरवला असता. आणि सुहैल बिन अम्र? मक्का जिंकल्यानंतर त्यांनी इस्लाम स्वीकारला. प्रेषित (स.) यांच्या निधनाची बातमी आली आणि मक्केतील नवमुस्लिम डळमळू लागले, तेव्हा उभे राहून त्यांना सावरणारे हेच सुहैल (रजि.) होते, ज्यांनी एके काळी ‘रसूलुल्लाह’ हा शब्द पुसायला लावला होता.

सूरह फतह २६ व्या पाऱ्यात आहे, आयती २९. मगरिब आणि इशाच्या मधल्या वेळात घरातील सर्वांना बसवून अनुवादासह ती एका बैठकीत वाचून होते. २४, २५ आणि २६ या तीन आयती मात्र वेगळ्या दिवसासाठी ठेवा आणि त्या दिवशी वाचन घरातल्या तरुण मुलाकडून करवून घ्या.